नळाला पाणी कधी येणार, हे शरीराला का कळायला हवं?

‘शहराचा पाणीपुरवठा एक दिवसाने पुढे ढकलला.’ सोलापूरच्या पेपरात ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकलेली असते. पण ती वाचून घराघरांत जी पळापळ होते, ती पहिल्या पानावरच्या मथळ्यानं क्वचितच होत असेल. कारणं पाठ झालेली आहेत : उजनी धरणावरच्या पंपांची वीज गेली, जलवाहिनी फुटली, दुरुस्तीला अमुक तास लागतील. शंभराहून जास्त किलोमीटरवरून येणारं पाणी. वाटेत कुठं काय होईल, याचा नेम नाही.

गंमत अशी, की चार-पाच दिवसांआड पाणी येणं या शहरानं केव्हाच अंगवळणी पाडून घेतलंय. बॅरल, हौद, गच्चीवरची टाकी, पिण्याच्या पाण्याचे वेगळे हंडे, रोजचं धुणं कधी, जाडजूड चादरी कधी, सगळं त्या चक्राला बांधलेलं. चौथ्या दिवशी कुणी कपाळाला हात लावत नाही. पाचव्याचा सहावा झाला, की मात्र भांडी आपटायला लागतात, शेजारणीला तिसऱ्यांदा विचारलं जातं, ‘ताई, तुमच्याकडं आलंय का ओ पाणी?’ बरं, सहावा दिवस काही आयुष्यात एकदाच उगवत नाही. तो वर्षातून बऱ्याचदा येतो. मग चार दिवसांची सवय होते, तशी त्याची का होत नाही?

पन्नासेक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस या शास्त्रज्ञानं उंदरांवर काही प्रयोग केले. आज त्यांना परवानगी मिळणं अवघडच. दोन उंदरांच्या शेपटीला एकाच वेळी, एकाच ताकदीचा विजेचा झटका बसायचा. फरक एवढाच, की एकाला झटक्याच्या आधी काही सेकंद आवाज ऐकू यायचा. दुसऱ्यालाही आवाज ऐकू यायचे, पण त्यांचा झटक्याशी काही संबंध नसायचा. पुढं जठर तपासल्यावर दिसलं, की सूचना न मिळालेल्या उंदराच्या जठरात कितीतरी जास्त जखमा आहेत. सूचना मिळालेल्याची अवस्था त्यामानानं बरी होती. झटके मात्र दोघांनी सारखेच खाल्ले होते.

(इथं एक खुलासा. माणसाच्या पोटातले व्रण बहुतेकदा एका जिवाणूमुळं किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळं होतात. ‘टेन्शन घेऊन अल्सर झाला’ हे घरोघरी ऐकू येणारं निदान त्यामुळं जरा जपून करावं. उंदरांच्या प्रयोगाचं महत्त्व व्रणांपेक्षा त्या तुलनेत आहे.)

आवाजानं नेमकं काय साधलं? आवाज म्हणजे धोका, हे तर खरंच. पण आवाज नाही म्हणजे आत्ता धोका नाही, हेही त्या उंदराला कळलं. तेवढ्या वेळात तो निवांत राहू शकत होता. दुसऱ्याला निवांत असा वेळच नव्हता, त्याचा पहारा अखंड चालू.

माणसांवरचा प्रयोग २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड दिसायचे. दगडाखाली साप आहे की नाही, हे ओळखायचं. साप निघाला, की हाताला दुखेल असा झटका. कोणत्या दगडाखाली साप निघण्याची शक्यता किती, हे खेळता खेळता बदलत राहायचं. घाम किती येतो, डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या होतात, हे मोजून ताण टिपला. झटका बसणारच, अशी खात्री असताना ताण सर्वांत जास्त असेल असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. तो सर्वांत जास्त होता शक्यता निम्मीनिम्मी असताना. साप नक्की आहे हे कळल्यावर माणसं त्यामानानं शांत होती.

‘पाणी आज नाही, उद्या नक्की’ आणि ‘आज येईलही, नाही पण’ या दोन वाक्यांत पाण्याच्या दृष्टीनं फारसा फरक नाही. शरीराच्या दृष्टीनं बराच आहे. पहिलं वाक्य ऐकून माणूस कामाला जातो. दुसरं ऐकून तो नळाशी कान लावून बसतो, आणि कामाला गेलाच तरी कान घरीच ठेवून जातो.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर नेमका वरखाली होत होता, त्यांचे अंदाज जास्त बरोबर येत होते. म्हणजे ताण हा यंत्रातला बिघाड नाही. ‘इथं अजून काहीतरी कळायचं बाकी आहे, लक्ष दे’ असा तो इशारा आहे. पंचाईत तेव्हा होते, जेव्हा कळून घेण्याजोगं हाती काहीच लागत नाही आणि इशारा मात्र वाजतच राहतो.

शरीरात तेव्हा काय चाललेलं असतं, ते थोडक्यात सांगतो. धोका जाणवताच काही सेकंदांत अॅड्रेनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, हातपाय ताठरतात. मागोमाग मेंदूतला हायपोथॅलॅमस, मग पिट्युटरी ग्रंथी आणि शेवटी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी अशी साखळी हलते आणि कॉर्टिसॉल वाढतं. त्याची पातळी साधारण वीस-तीस मिनिटांनी टोकाला पोचते आणि उतरायला त्याहून जास्त वेळ घेते. तेवढ्यात दुसरं काही घडलं, की उतार पुन्हा लांबतो.

रात्रीच्या पाण्याचं गणित याच रसायनांत आहे. काही भागांत पाणी अपरात्री सुटतं. घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा बाईच, झोपेत एक कान उघडा ठेवते. जर्मनीतल्या ल्युबेक इथं यान बॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही रात्री सांगितलं, सकाळी सहाला उठवू. काही रात्री सांगितलं, नऊला उठवू, पण अचानक सहालाच उठवलं. सहाची खात्री असताना रक्तात पाचच्या सुमारापासूनच एसीटीएच वाढायला लागलं होतं. हे संप्रेरक कॉर्टिसॉल वाढवतं. माणूस गाढ झोपेत, आणि शरीर उठण्याची तयारी करतंय. नऊ सांगितलं असताना अशी आगाऊ तयारी दिसली नाही. म्हणजे ‘कधी’ हा तपशील झोपेतही वापरला जातो. ‘पाणी साडेतीनला’ असं सांगितलं, तर शरीर निदान वेळेवर तयारीला लागू शकतं. ‘रात्री कधीतरी’ असं सांगितलं, तर कोणत्या वेळेची तयारी करायची?

आता कुणी म्हणेल, पाणी एक दिवस उशिरा आलं, मोटार जळाली, गॅस संपला, असल्या गोष्टींचा एवढा बाऊ कशाला? आयुष्यात याहून मोठी दुःखं असतात. शास्त्रज्ञांचाही आधी हाच समज होता. १९६७ साली होम्स आणि राहे यांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला ताणाच्या हिशेबानं गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५०. (लग्नाला ५० हे वाचून हसू येत असेल, तर घरात नुकतं कार्य पार पाडलेल्या एखाद्याला विचारा.) पुढं १९८१ साली रिचर्ड लाझारस यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटानं १०० मध्यमवयीन माणसांकडून महिनोन् महिने रोजच्या कटकटींची नोंद करून घेतली. वाढती महागाई, घराची डागडुजी, वस्तू हरवणं, कामांचा ढीग. मन किती खचलंय, याचा अंदाज मोठ्या घटनांच्या यादीपेक्षा या कटकटींवरून जास्त चांगला बांधता आला. यावर आक्षेपही आले. आधीच खचलेल्या माणसाला बारीक कटकटीही मोठ्या वाटतात, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? आक्षेप रास्त आहे. पण कटकटी किरकोळ म्हणून सोडून द्याव्यात, असं त्यानंतर फारसं कुणी म्हटलं नाही.

कळणं ही झाली एक बाजू. दुसरी बाजू हातात काही असण्याची. १९६७ साली स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिगमन यांनी दाखवलं होतं, की काहीही केलं तरी झटका टळत नाही, असा अनुभव आलेली कुत्री पुढं सुटकेची वाट उघडी असतानाही जागची हलत नाहीत. याला ‘शिकलेली हतबलता’ असं नाव पडलं आणि ते जगभर झालं. सुमारे पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघांनी लिहिलं, की आपण हे उलटं समजलो होतो. मधल्या काळात मेंदूतली यंत्रणा उलगडली होती. त्रास लांबला, की गळून जाणं, हालचाल थांबवणं ही मेंदूची उपजत प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्यानं फरक पडतो’ हे. तसा अनुभव आला, की कपाळामागचा पुढचा मेंदू मेंदूच्या बुंध्यातल्या गळून जाण्याच्या यंत्रणेला आवर घालतो. आणि एकदा असा अनुभव गाठीशी असेल, तर पुढच्या संकटातही त्याचा उपयोग होतो.

मला यातून एक गोष्ट पटते. ‘धीर धरा’, ‘सकारात्मक राहा’ हे सांगून मेंदूला काही मिळत नाही. त्याला पुरावा लागतो, मग तो छोटा का असेना. भरलेला जादा बॅरल हा तसा पुरावा आहे. आधीच ठरवून ठेवलेलं वाक्यही तसंच काम करतं : ‘सहाव्या दिवशी सकाळी सातपर्यंत पाणी आलं नाही, तर धुणं बंद आणि टँकरवाल्याला फोन.’ पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं अशा ‘अमुक झालं तर तमुक करीन’ पद्धतीच्या ठरावांचा खूप अभ्यास केलाय. नुसत्या इच्छेपेक्षा ते बरेच जास्त अमलात येतात. २०११ च्या एका अभ्यासात असंही दिसलं, की अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, की घोळणं थांबतं. काम अजून झालेलं नसलं तरीही.

यात एक अडचण आहे. आपले अंदाज फार आशावादी असतात. १९९४ सालच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. आणि हे विद्यार्थी आपल्याच कामाबद्दल बोलत होते. ‘दुरुस्तीला बारा तास लागतील’ हे वाक्य त्या हिशेबानं वाचावं. मागच्या खेपेला किती लागले, हा प्रश्न या खेपेला किती लागतील, यापेक्षा जास्त खरं उत्तर देतो.

दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर मांडतात, तिथंच पाणी आल्याची तारीख आणि वेळ मांडून बघा. दोन-तीन महिन्यांत दिसेल, की चक्र खरं तर चार ते सहा, कधी सात दिवसांचं आहे. पालिकेचं वेळापत्रक सोडा, हे तुमच्या गल्लीचं वेळापत्रक. मग साठा सातव्या दिवसाच्या हिशेबानं करता येतो, निदान ज्यांच्याकडं तेवढी भांडी आणि जागा आहे त्यांना. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या छोट्या घरात आणखी दोन बॅरल कुठं ठेवायचे, याला मानसशास्त्राकडं उत्तर नाही. तिथली बाई हजार विड्यांमागं मजुरी घेते. पाण्याची वाट बघण्यात गेलेला तास तिच्या मजुरीतून सरळ वजा होतो.

ऊसबिलाचं तेच. कायद्यानं कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते कधी मिळतात, हे जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा. सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्याची तारीख मात्र पक्की असते. एक तारीख पक्की आणि दुसरी लोंबकळती, अशा कैचीत शेतकऱ्याला ‘अनिश्चितता स्वीकारा’ असं सांगणं हा उद्धटपणा झाला.

झोप उडाली, भूक मेली, कशातच मन लागेना आणि हे दोन-तीन आठवडे असंच चाललं, तर कॅलेंडर पुरत नाही. डॉक्टरांना दाखवावं, किंवा टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे.

पाण्याबद्दलचाच एक प्रयोग बंगळुरूत झाला. तिथंही काही भागांत नळाला ठरावीक दिवसांनीच पाणी येतं. एका कंपनीनं घरोघरी मोबाइलवर संदेश पाठवायला सुरुवात केली, की तुमच्याकडं पाणी अमुक वेळी सुटेल. संशोधकांनी काही वस्त्यांत ही सेवा देऊन आणि काहींत न देऊन तुलना केली. २०१८ साली निष्कर्ष आले. पाण्यासाठी थांबण्याचा वेळ कमी झाला नाही. सरकारबद्दलचं मतही बदललं नाही. ताण मात्र कमी झाला. पाणी तेवढंच, पाइप तेच, आणि तरी.

ताण आणखी का कमी झाला नाही, याचाही शोध त्यांनी घेतला. दोन ठिकाणी गळती सापडली. एक, माहितीचा उगम चावीवाल्यापाशी होता. व्हॉल्व्ह फिरवला, की त्यानं कळवायचं, पण पुष्कळदा तो कळवतच नसे. दुसरी, घरातले स्त्री-पुरुष संबंध. पाण्याची वाट बघत घरी थांबायची बाई आणि संदेश यायचा तो घरातल्या पुरुषाच्या मोबाइलवर.

नवी जलवाहिनी टाकायला वर्षं आणि कोट्यवधी रुपये लागतात. व्हॉल्व्ह फिरवल्यावर एक फोन करायला चावीवाल्याला मिनिटही लागत नाही. फक्त त्याच्या यादीत नंबर कुणाचे आहेत, हे आधी तपासून घ्यायला हवं.