मोटरसायकल टोळ्यांचे जाळे-विश्लेषण

हेल्स एंजल्स, बॅन्डिडोस, आउटलॉज, मंगोल्स अशा मोटरसायकल क्लबांमधील गुन्हेगारी संबंध तपासण्याची पद्धत. प्रत्येक माणूस हा एक बिंदू. दोघांमधला फोन, भेट, पैशांचा व्यवहार किंवा मिळून केलेला गुन्हा हा दुवा. कोणाचे दुवे किती, आणि कोणाला उचलले तर जाळे कुठे फाटते, हे मग गणिताने काढतात. याकोब मोरेनो याने १९३४ मध्ये मांडलेल्या संबंध-आलेखांतून ही विद्या वाढली. माल्कम स्पॅरो याने १९९१ मध्ये ती गुन्हे-तपासाशी जोडली.

या टोळ्यांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले, कारण त्यांची उतरंड उघड असते. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या हेल्स एंजल्सच्या प्रत्येक शाखेला अध्यक्ष असतो, उमेदवारी करावी लागते, आणि पूर्ण सदस्य झाल्यावरच पाठीवर क्लबचा संपूर्ण बिल्ला मिळतो. म्हणजे हुद्दा डोळ्यांना दिसतो. पण धंदा त्याच हुद्द्याप्रमाणे चालतो का?

याचे उत्तर शोधताना दोन मापे वेगळी ठेवावी लागतात. ज्याच्या ओळखी सर्वांत जास्त, तो एक. ज्याच्यावाचून दोन गटांचा एकमेकांशी संबंधच येत नाही, तो दुसरा. ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाला हा फरक चंबळच्या इतिहासातून चटकन उमगेल. मे १९६० मध्ये भिंड-मुरैना भागात विनोबांपुढे वीसएक बागींनी, म्हणजे डाकूंनी, शस्त्रे ठेवली. त्याची सुरुवात नैनीच्या तुरुंगात फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदार सिंह नावाच्या बागीने विनोबांना लिहिलेल्या पत्रातून झाली, आणि दोन्ही बाजूंमध्ये ये-जा केली ती मेजर जनरल यदुनाथ सिंह यांनी. ते कोणत्याही टोळीत नव्हते, तरी बीहड (बागी लपत ती चंबळची घळींची रानं) आणि विनोबा यांच्यामधली वाट त्यांच्यावरून जात होती. नुसती टोळ्यांची यादी केली असती तर त्यांचे नाव त्यात आलेच नसते.

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा अभ्यास, प्रस्तुत लेखकाच्या मते, गुन्हेशास्त्रज्ञ कार्लो मॉर्सेली यांचा २००९ चा. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९९४ पासून टोळीयुद्ध पेटले होते आणि त्यात दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. मार्च २००१ मध्ये ‘ऑपरेशन स्प्रिंगटाइम’ या कारवाईत पोलिसांनी हेल्स एंजल्सच्या सदस्यांची मोठ्या प्रमाणावर धरपकड केली. त्यातल्या अमली पदार्थांच्या वितरणाचे जाळे मॉर्सेलींनी उभे केले. जाळ्यात सदस्यांबरोबर क्लबबाहेरचेही लोक होते. मध्यस्थाच्या मोक्याच्या जागी क्लबच्या मधल्या पायरीवरचे सदस्य आढळले. लवचीक बाजारपेठ आणि कडक उतरंड एकमेकांना छेद न देता एकत्र नांदत होत्या, हा त्यातला खरा शोध.

मात्र जाळे काढण्याआधी माहिती कोणी, कशासाठी दिली, हे विचारलेच पाहिजे. फोन ज्याचा ऐकला, त्याच्याभोवती दुवे दाट दिसतात. जो फोनच वापरत नाही तो कडेला पडतो. ही अडचण जुनी आहे. १८३० च्या दशकात ठगांचा माग काढताना विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने माफीच्या साक्षीदारांकडून नातीगोती वदवून घेतली आणि ठग घराण्यांच्या वंशावळी तयार केल्या. (हाच स्लीमन पुढे १८४३ ते १८४९ ग्वाल्हेर दरबारी रेसिडेंट होता.) त्या वंशावळी जाळे-विश्लेषणाच्या पूर्वसुरीच म्हणाव्या लागतात. पण नावे सांगणाऱ्याचा जीव त्या नावांवर टांगलेला होता. आज इतिहासकार त्या कबुलीजबाबांकडे संशयाने पाहतात ते याचमुळे.

कायद्यात हा प्रश्न अधिक बोचतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडने २०१३ मध्ये, गुन्हेगार ठरवलेल्या क्लबच्या तीन किंवा अधिक जणांनी सार्वजनिक ठिकाणी एकत्र असणे हाच गुन्हा ठरवला. तिथे दुवा हाच आरोप झाला. जाळ्यातली रेघ ओळख दाखवते. ती भावाची असेल, शेजाऱ्याची असेल किंवा गिऱ्हाइकाची. तिच्यावरून तपास कुठे सुरू करायचा हे ठरवणे योग्य, शिक्षा ठरवणे अन्याय्य. २०१६ मध्ये तिथल्या विधानसभेने त्या तरतुदींच्या जागी नवा कायदा आणला.