रशियन ॲक्शनिझम

रस्त्यावर, पुलावर, चर्चमध्ये, नाहीतर सरळ दुकानात शिरून सत्तेला डिवचणारी जी कला रशियात केली जाते, तिला तिकडे ॲक्शनिझम म्हणतात. यात चित्र काढून गॅलरीत टांगायचं नसतं, काहीतरी करून दाखवायचं असतं, आणि मग पोलीस, कोर्ट, टीव्हीवाले जे काही करतील तेही त्याच कलाकृतीत जमा.

हे नाव नंतरचं, पण सरकार कॅनव्हासला किती घाबरतं ते जगाने १५ सप्टेंबर १९७४ लाच पाहिलं होतं. ऑस्कर राबिन हा चित्रकार आणि त्याच्या मंडळींना सरकारी हॉल मिळेनात म्हणून त्यांनी मॉस्कोच्या टोकाला बेल्यायेवोच्या मोकळ्या जागेत प्रदर्शन भरवलं, तर त्यावर चक्क बुलडोझर आणि पाण्याच्या गाड्या घातल्या, आणि कारण काय तर म्हणे बागेचं काम! परदेशी पत्रकारांनाही मार बसला, बोभाटा झाला, मग दोन आठवड्यांत इझमायलोवो पार्कात रीतसर परवानगी.

पुढे जून २०१० मध्ये ‘व्होइना’ या कलाकारांच्या गटाने सेंट पीटर्सबर्गच्या उघडणाऱ्या लितेयनी पुलावर ६५ मीटरचं लिंग रंगवलं, पूल वर गेला की ते बरोबर एफएसबीच्या, म्हणजे रशियाच्या सुरक्षा-गुप्तचर खात्याच्या, ऑफिससमोर उभं. गंमत अशी की २०११ मध्ये याच कामाला सरकारी पाठबळ असलेलं ‘इनोव्हेशन’ पारितोषिक मिळालं, चार लाख रुबल. पण २०१२ मध्ये पुसी रायट या निषेध करणाऱ्या पंक गटाच्या मुलींना चर्चमधल्या गाण्यासाठी दोन वर्षांची कैद झाली. २०१५ मध्ये प्योत्र पावलेन्स्की या कलाकाराने मॉस्कोत एफएसबीचा दरवाजा पेटवला आणि माझ्यावर दहशतवादाचं कलम लावा म्हणून हटून बसला, तर त्याला दंड झाला तो सांस्कृतिक वारशाचं नुकसान केल्याचा.

युक्रेनवर हल्ला झाल्यावर, मार्च २०२२ पासून, सगळंच आवळलं. साशा स्कोचिलेन्को या कलाकार मुलीने सेंट पीटर्सबर्गच्या एका सुपरमार्केटात पाच प्राइस टॅग बदलले, किमतीच्या जागी युद्धाच्या बातम्या, त्यातल्या एकावर युक्रेनमधल्या मारिउपोलच्या आर्ट स्कूलवर पडलेल्या बॉम्बची. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने तक्रार केली. पाच कागदांनी पडेल इतकं आपलं राज्य कच्चं आहे असं सरकारी वकिलाला वाटतं का, असं साशाने कोर्टातच विचारलं, तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये सात वर्षांची कैद झालीच. १ ऑगस्ट २०२४ ला कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली आणि जर्मनीला गेली.