काडी खुंटावर उलटते तेव्हा

तासगावच्या द्राक्षबागायतदाराला कलम समजावून सांगावे लागत नाही; डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळे धरलेल्या बुंध्यावर, काडी भरली की ती धरते की नाही, एवढीच त्याची काळजी. दुसऱ्याची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा गर, रुग्णात रुजवताना मात्र काळजी दुहेरी असते. दात्याच्या मज्जेबरोबर त्याच्या प्रतिकारपेशीही येतात आणि त्या रुग्णाचे शरीरच परके मानून त्वचा, यकृत व आतडे यांवर हल्ला चढवू शकतात. थोडक्यात, इथे काडीच खुंटावर उलटते. या विकाराला ‘ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज’ म्हणतात.

या भांडणात आतड्यातील जिवाणूंचा हात आहे, हा संशय जुना आहे. रोपणापूर्वीच्या केमोथेरपीने आतड्याचे अस्तर सोलवटते, जिवाणूंचे घटक आत झिरपतात आणि दात्याच्या पेशी अधिकच चवताळतात. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांमध्ये हा विकार सौम्य राहतो, हे १९७०च्या दशकातच दिसले होते. त्यामुळे आतडे शक्य तितके निर्जंतुक करावे, असा विचार रूढ झाला.

तो अर्धाच खरा होता. तंतुमय अन्नावर जगणारे काही जिवाणू ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात, त्यावर अस्तराच्या पेशी पोसल्या जातात आणि आतड्याची भिंत शाबूत राहते. तापासाठी दिलेल्या, आणि बहुधा टाळता न येणाऱ्या, व्यापक प्रतिजैविकांनी हेच जिवाणू आधी मरतात. मग तणनाशकानंतर उघड्या पडलेल्या वावरात हरळी माजावी तसा एन्टरोकॉकस नावाचा जिवाणू माजतो. अमेरिका, जर्मनी व जपानमधील चार रोपण केंद्रांतल्या १,३६२ रुग्णांच्या ८,७६७ मलनमुन्यांचा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता कमी, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक, असे त्यात आढळले. अर्थात हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे.

दूधदुभत्याच्या आपल्या सांगली जिल्ह्यातील वाचकाला २०१९चा एक निष्कर्ष विशेष वाटेल: एन्टरोकॉकस दुधातील लॅक्टोज शर्करेवर फोफावतो, आणि लॅक्टोजविरहित खाद्य दिलेल्या उंदरांमध्ये तो आणि विकार दोन्ही मंदावले. माणसांसाठी त्यावरून पथ्य ठरवणे घाईचे होईल. उलट, जिवाणू चांगले म्हणून घरच्या विरजणाचे दही रुग्णाला भरवणेही धोक्याचे आहे, कारण पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या असताना एरवीचे निरुपद्रवी जंतूही रक्तात शिरू शकतात. दही केव्हा सुरू करायचे, हे रोपण करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.