टेलोमरेज लांबी वाढवतं, राखण शेल्टरिन करतं

अकाली वार्धक्याच्या आजारांवरचे लेख वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘टेलोमरेज हे विकर गुणसूत्रांच्या टोकांचं संरक्षण करतं.’ नाही करत. ते टोकं लांब करतं. संरक्षणाचं काम शेल्टरिन नावाच्या प्रथिनसमूहाकडे आहे, आणि त्याचं साधं नावही बहुतेक लेखांत नसतं.

टेलोमरेजवर फार वेळ घालवत नाही. २००९च्या नोबेलनंतर त्याचं पुरेसं कौतुक झालंय. दर विभाजनात टोकाचा, म्हणजे टेलोमिअरचा, थोडा डीएनए गळतो. टेलोमरेज स्वतःजवळच्या आरएनएच्या साच्यावरून टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा जोडून तूट भरतं. शरीरातल्या बहुतेक पेशींत ते जवळजवळ बंदच असतं.

खरी गफलत पुढे आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे ९२ टोकं. पेशीच्या दुरुस्ती यंत्रणेला डीएनएचं उघडं टोक दिसलं की ती एकच अर्थ काढते: इथे तुटलंय, सांधा. मग ही ९२ टोकं एकमेकांना का चिकटत नाहीत? कारण ती दिसतच नाहीत; शेल्टरिनची सहा प्रथिनं ती झाकून ठेवतात. टीआरएफ१ आणि टीआरएफ२ दुहेरी धाग्यावर बसतात, पॉट१ शेवटचा एकेरी धागा धरून ठेवतं, टीआयएन२ आणि टीपीपी१ या दोन्ही बाजू जोडतात, सहावं रॅप१ टीआरएफ२ला लागून असतं. टीआरएफ२च्या मदतीने तो एकेरी धागा मागे वळून दुहेरी धाग्यातच खोचला जातो आणि टोकाचा फास तयार होतो. धोक्याची घंटा वाजवणाऱ्या एटीएम या प्रथिनाला मग काही सापडत नाही. एटीआर या दुसऱ्या पहारेकऱ्याला पॉट१ दूर ठेवतं.

उंदरांच्या पेशींतून टीआरएफ२ काढून टाकलं तर गुणसूत्रं टोकाला टोक लागून जुळत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली सांध्यापाशी पाहिलं तर टेलोमिअरचा डीएनए तिथेच असतो, चांगला लांबलचक. लांबी शाबूत, राखण गेली. उलट टेलोमरेजचा आरएनए नसलेले उंदीर पहिल्या पिढीत जवळजवळ धडधाकट असतात. टोकं झिजून त्रास दिसायला पुढच्या पिढ्या उजाडाव्या लागतात. एवढं कळल्यावरही दोन्हींना ‘टोकांचे रक्षक’ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. बुटाच्या नाडीच्या प्लॅस्टिकच्या टोकाची ती घासून गुळगुळीत झालेली उपमा तर मला अजिबात आवडत नाही. तिच्यामुळे डीएनएच स्वतःचं टोपण आहे असं वाटतं, आणि प्रथिनं चित्रातून गायब होतात.

मग आजारांत गोंधळ का होतो? डिस्केराटोसिस कंजेनिटा घ्या: नखं खराब, त्वचेवर जाळीदार डाग, तोंडात पांढरे चट्टे आणि पुढे अस्थिमज्जा निकामी. तो टेलोमरेजच्या टीईआरटी, टीईआरसी, डीकेसी१ या जनुकांतल्या बिघाडाने होतो, आणि शेल्टरिनमधल्या टीआयएन२च्या टीआयएनएफ२ या जनुकातल्या बिघाडानेही. दुसऱ्या प्रकारात टोकं उघडी पडून गुणसूत्रं जुळत असतील, असं वाटेल. पण त्या मुलांत ठळकपणे दिसतात ते अत्यंत आखूड टेलोमिअर. कारण शेल्टरिनकडे एक जोडकाम आहे: टेलोमरेजला टोकापर्यंत आणणं. ते टीपीपी१ करतं, आणि टीपीपी१ला जागेवर ठेवतं टीआयएन२. राखण मुळातूनच गेली तर गर्भच तगत नाही. टीआरएफ२ नसलेले उंदीर जन्मालाच येत नाहीत.

दोन्ही वाटा शेवटी एकत्र येतात. टेलोमिअर फार आखूड झालं की त्यावर पुरेसं शेल्टरिन बसायला जागाच उरत नाही, आणि दुरुस्ती यंत्रणेला ते टोक तुटलेलं दिसू लागतं. पेशी विभाजन थांबवते. सतत विभाजन लागणाऱ्या अस्थिमज्जेला फटका बसतो तो इथे.

वर्नर सिंड्रोम या अकाली वार्धक्याच्या आणखी एका आजारात डब्ल्यूआरएन हे डीएनए उलगडणारं प्रथिन बिघडतं. टेलोमिअरची नक्कल नीट होत नाही, पण या प्रथिनाचं काम बाकी डीएनएतही असतं, म्हणून हा निव्वळ टोकांचा आजार नाही. आणि ज्याला सगळे नुसतं ‘प्रोजेरिया’ म्हणतात, तो लहान मुलांना अकाली म्हातारं करणारा हचिन्सन-गिलफर्ड सिंड्रोम, त्याचं मूळ तर टेलोमिअरमध्ये नाहीच. तिथे एलएमएनए जनुकातल्या बिघाडाने प्रोजेरिन हे सदोष प्रथिन तयार होतं आणि केंद्रकाचं आवरण वेडंवाकडं होतं. टेलोमिअरवर परिणाम होतो, पण मागाहून. २०२०मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं त्यावरचं औषध लोनाफार्निब टेलोमरेजला हातही लावत नाही. ते प्रोजेरिनला चिकटणारी मेदाची शेपटी अडवतं. तरी टेलोमिअर लांब करण्याच्या गोळ्यांच्या जाहिरातीत चित्र मात्र याच मुलांचं असतं.