डिफॉल्ट फोल्डर

फाइल उघडताना किंवा सेव्ह करताना प्रोग्राम आपणहून जो फोल्डर पुढे करतो, तो डिफॉल्ट फोल्डर. विंडोजमध्ये तो बहुधा सी ड्राइव्हवरचा 'डॉक्युमेंट्स' असतो, ब्राउझरचा 'डाउनलोड्स'. मराठवाड्यात तहसील कचेरीसमोरच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानांत तो बदलून ठेवणे शहाणपणाचे, कारण संगणक अडला की 'फॉरमॅट मारा' हाच पहिला सल्ला मिळतो आणि त्यात सी ड्राइव्ह पुसला जातो. शपथपत्रांचे नमुने डी ड्राइव्हवर असले तर वाचतात. अर्थात डी हा बहुतेकदा त्याच डिस्कचा तुकडा. डिस्कच बसली तर दोन्ही गेले.

वर्डमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' असे जाऊन 'डिफॉल्ट लोकल फाइल लोकेशन'समोरच्या 'ब्राउझ'ने फोल्डर निवडतात. तिथल्याच 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट'वर टिक नसेल तर वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, आधी येते आणि सेटिंग लागलेच नाही असे वाटते. एक्सेलमध्ये जागा तीच, पण 'ब्राउझ' नाही. तिथे फोल्डरचा पत्ता द्यावा लागतो; तो टाइप करण्यापेक्षा फोल्डर उघडून वरच्या पट्टीतून कॉपी करावा. लिब्रेऑफिसमध्ये हे 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'पाथ्स'खाली 'माय डॉक्युमेंट्स' या ओळीत सापडते.

'डॉक्युमेंट्स' फोल्डरच हलवायचा तर त्यावर राइट क्लिक, मग 'प्रॉपर्टीज', 'लोकेशन', 'मूव्ह'. सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते: नुसता डी ड्राइव्ह निवडणे. मग अख्खा डीच 'डॉक्युमेंट्स' ठरतो आणि पूर्ववत करणे किचकट होऊन बसते. आधी डीवर वेगळा फोल्डर करून तोच द्यावा. नाव रोमन लिपीत ठेवलेले बरे; युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची अक्षरांची सामायिक पद्धत) न कळणारे जुने डीटीपी, म्हणजे छपाईची पाने जुळवणारे, प्रोग्राम देवनागरी नावाच्या फोल्डरापाशी अडतात.

सातबारा, पीक विम्याची पावती अशा पीडीएफसाठी क्रोमच्या 'डाउनलोड्स' सेटिंगमध्ये दर वेळी जागा विचारण्याचा पर्याय चालू करावा. गिऱ्हाईक समोर ताटकळत असताना नुसत्या आकड्यांच्या नावांतून त्याची फाइल हुडकावी लागत नाही.

पेनड्राइव्हवरचा फोल्डर डिफॉल्ट करू नये. आज ई असलेले ड्राइव्हचे अक्षर उद्या एफ होऊ शकते आणि पत्ता चुकतो. शिवाय बरेच प्रोग्राम शेवटी वापरलेला फोल्डरच पुन्हा दाखवतात. म्हणून बदल लागला की नाही हे प्रोग्राम बंद करून, नवी फाइल सेव्ह करून पाहावे.