‘ब्लॅक स्वॉन’मध्ये नाचले कोण?

‘ब्लॅक स्वॉन’ हा डॅरेन अॅरोनॉफ्स्कीचा बॅले नर्तकीवरचा चित्रपट. त्याची गोष्ट पुन्हा सांगत नाही. मूळ पटकथेत बॅले, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय नृत्यनाट्य, नव्हताच. न्यूयॉर्कच्या नाटकवाल्यांत घडणारी ती गोष्ट होती. दिग्दर्शकाने ती ‘स्वॉन लेक’शी जोडली. हा बॅले १८७७ मध्ये मॉस्कोत रंगमंचावर आला आणि फारसा गाजला नाही. आज नाचला जातो तो मुख्यतः १८९५ च्या सेंट पीटर्सबर्गच्या बांधणीवरून. एका पायावर सलग ३२ गिरक्यांची जीवघेणी कसोटीही तिथलीच, एका इटालियन नर्तकीने आणलेली.

या गिरक्याच पुढे वादात सापडल्या.

२०१० च्या अखेरीस चित्रपट अमेरिकेत लागला. १ कोटी ३० लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने जगभरात ३२ कोटींहून अधिक कमावले. नायिकेने (नताली पोर्टमन) वर्षभर घाम गाळून बॅले शिकल्याची गोष्ट प्रसिद्धीत ठळक होती. फेब्रुवारी २०११ मध्ये तिला ऑस्कर मिळाले आणि महिनाभरात तिच्या डबलने, नर्तकी सारा लेनने, तोंड उघडले. डबल म्हणजे आपल्याकडचा डुप्लिकेट. फक्त इथे उडी मारायची नव्हती, नाचायचे होते. तिचे म्हणणे असे, की पूर्ण शरीर दिसणाऱ्या शॉटमध्ये नायिका जेमतेम ५ टक्के आहे.

त्याआधी नृत्यदिग्दर्शकाने (नायिकेचा तेव्हा होणारा नवरा) ८५ टक्के नायिकाच असल्याचे सांगून टाकले होते. डबलने फक्त पायांचे काम, गिरक्या आणि एक तिरकी चाल केली म्हणे. बॅलेत ‘फक्त पायांचे काम’! मग दिग्दर्शकाने हिशेब मांडला: नाचाचे १३९ शॉट, त्यांत १११ नायिकेचे, २८ डबलचे. वेळ मोजली तर नायिका ९० टक्क्यांच्या वर. दोन लांब प्रसंगांत डबलच्या धडावर संगणकाने नायिकेचा चेहरा बसवल्याचे मात्र त्याने मान्य केले.

दोन्ही बाजूंचे आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, कारण मोजमापच वेगळे आहे. कॅमेरा कमरेच्या वर थांबतो, मान आणि दंड थरथरताना दिसतात, तोही ‘नाचाचा शॉट’च. पायाच्या बोटांवर तोललेले शरीर दिसायला लागला, की हिशेब बदलतो. श्रेयनामावलीत या नर्तकीच्या वाट्याला जी कामे आली, त्यांत एक होते ‘हातांची मॉडेल’.