अतिसंवाहक नॅनोतार अभिज्ञातक

प्रकाशाचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, सुटा टिपणारे आणि अतिशीत तापमानाला चालणारे विद्युत उपकरण. याचा गाभा म्हणजे 5 ते 10 नॅनोमीटर जाडीच्या अतिसंवाहक (अतिशीत तापमानाला विजेला मुळीच रोध न करणाऱ्या) थरातून कोरून काढलेली, साधारण 100 नॅनोमीटर रुंदीची तार. मॉस्कोतील गोल्त्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये नायोबियम नायट्राइडच्या तारेवर हे तत्त्व प्रथम दाखवून दिले. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी माध्यमातून दहावी होऊन पुढे इंग्रजीतून विज्ञान शिकणाऱ्यांच्या तोंडी ‘सुपरकंडक्टर’ आणि ‘डिटेक्टर’ हेच शब्द असतात. अतिसंवाहक व अभिज्ञातक हे त्यांचेच मराठी प्रतिशब्द होत.

1,550 नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे दूरसंचाराच्या ऑप्टिकल फायबरमधून जाणाऱ्या फोटॉनची ऊर्जा जेमतेम 0.8 इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे 1.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, त्यामुळे सिलिकॉनच्या अभिज्ञातकाला हा फोटॉन दिसतच नाही. अतिसंवाहकात मात्र विद्युतप्रवाह वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या (कूपर जोड्या) काही सहस्रांश इलेक्ट्रॉन व्होल्ट इतक्या अल्प ऊर्जेनेही फुटतात, आणि म्हणून तोच दुबळा फोटॉन येथे शेकडो जोड्या फोडू शकतो.

तार 4 केल्व्हिनपेक्षा कमी, म्हणजे सुमारे उणे 270 अंश सेल्सिअस तापमानाला ठेवून तिच्यातून काही मायक्रोअँपिअर ते काही दशक मायक्रोअँपिअर प्रवाह सोडतात. हा प्रवाह मुद्दाम क्रांतिक प्रवाहाच्या, म्हणजे ज्यापुढे अतिसंवाहकता मोडते त्या मर्यादेच्या, अगदी जवळ ठेवलेला असतो. फोटॉन शोषला गेला की त्या जागी अतिसंवाहकता दुबळी झालेला एक लहानसा ठिपका तयार होतो, ज्याला तप्तबिंदू म्हणतात. ‘फोटॉनने तार तापते’ एवढ्यावर थांबणारे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण हा ठिपका बहुधा तारेच्या रुंदीपेक्षा लहान असतो. घटप्रभेच्या कालव्याखालच्या उसाच्या शिवारात पाट काठोकाठ भरून वाहत असताना मधोमध दगड पडला, तर पाणी दोन्ही अंगांनी वळते. पण कडेला मुळातच जागा उरलेली नसल्याने ते बांध फोडते. तारेतही प्रवाह ठिपक्याला वळसा घालून कडांकडे सरकतो, तेथील प्रवाहघनता क्रांतिक मर्यादा ओलांडते आणि तारेचा तो आडवा छेद पूर्णच रोधक होतो. प्रवाह ऐन क्रांतिक मर्यादेच्या कडेवर का ठेवायचा, याचे उत्तर येथे मिळते. अर्धाच प्रवाह असता तर बहुतेक फोटॉन शोषले जाऊनही कसलीच खूण उमटली नसती.

रोधक झालेला तुकडा स्वतःच्या उष्णतेने वाढून त्याचा रोध किलोओहमपर्यंत जातो. त्यामुळे प्रवाह शेजारच्या 50 ओहमच्या मापन परिपथात वळतो. 20 मायक्रोअँपिअर प्रवाह 50 ओहममधून गेल्यास 1 मिलिव्होल्टचे स्पंद मिळते. ते वर्धित करून मोजले जाते. तारेतील प्रवाह ओसरताच तुकडा थंड होऊन पुन्हा अतिसंवाहक बनतो. फ्यूज एकदा उडाला की बदलावा लागतो; ही तार काही दशक नॅनोसेकंदांत आपोआप पूर्ववत होते. हा वेळ मुख्यतः तारेच्या गतिज प्रेरकत्वावर, म्हणजे इलेक्ट्रॉन जोड्यांच्या जडत्वामुळे प्रवाहातील बदलाला होणाऱ्या विरोधावर, अवलंबून असतो. तो फार कमी करू गेल्यास तुकडा थंड होण्याआधीच प्रवाह परततो आणि तार रोधक अवस्थेतच अडकून बसते.

एकच सरळ तार फायबरमधून येणारा प्रकाश झेलायला पुरत नाही. म्हणून बेळगावच्या शहापूर-वडगावातील मागावर धोटा परत फिरताना आडवा धागा जसा न तुटता वळतो, तशी ती पन्नास ते पाऊणशे वेळा मागेपुढे वळवून सुमारे 10 ते 15 मायक्रोमीटरचा चौकोन भरतात. मागावर धागे ठोकून घट्ट बसवतात, येथे मात्र दोन ओळींमध्ये साधारण तारेच्या रुंदीइतकी फट सोडतात. वळणाच्या आतल्या कडेला प्रवाहाची गर्दी होते, त्यामुळे कोपरे गोलाकार करावे लागतात. बांधणीत खरा कस लागतो तो शीतकरणापेक्षा या एकसारखेपणात: तार एखाद्या ठिकाणी जरा जरी अरुंद राहिली, तरी संपूर्ण तारेचा वापरण्याजोगा प्रवाह त्या एका जागेवरून ठरतो.

इतका पातळ थर बराच प्रकाश आरपार जाऊ देतो. त्यावर उपाय म्हणून तारेखाली परावर्तक आणि प्रकाशीय पोकळी (प्रकाश पुन्हा पुन्हा तारेवर परतवणारी थरांची रचना) रचतात. टंगस्टन सिलिसाइडच्या तारांनी 2013 मध्ये 93 टक्के कार्यक्षमता, म्हणजे आलेल्या फोटॉनांपैकी टिपल्या गेलेल्यांचे प्रमाण, गाठली, आणि 2020 मध्ये मॉलिब्डेनम सिलिसाइडच्या अभिज्ञातकाने 98 टक्के. फोटॉन पोहोचल्याच्या क्षणातील अनिश्चितता उत्तम नमुन्यांत 3 पिकोसेकंदांपेक्षाही कमी आहे. फोटॉन आलेला नसतानाही उमटणारी खोटी स्पंदे, म्हणजे अंधारमोजणी, थोडीफार असतेच, आणि प्रवाह क्रांतिक मर्यादेजवळ नेला की ती वाढते.

पुंज गुप्तलेखनात (एकेका फोटॉनवरून गुप्त किल्ली पाठवण्याच्या पद्धतीत) आणि पुंज भौतिकीचा पाया तपासणाऱ्या बेल असमानतेच्या प्रयोगांत हे अभिज्ञातक वापरले जातात. डिसेंबर 2023 मध्ये नासाच्या सायकी या अंतराळयानाने सुमारे 3.1 कोटी किलोमीटरवरून लेसरद्वारे पाठवलेली चित्रफीत कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या हेल दुर्बिणीवर उतरवून घेतली गेली, तीही अशाच नॅनोतारांच्या संचाने.